राज्य गेले, वारसा राहिला

२० सप्टेंबर १८६६ रोजी प्रशियाने एक कायदा केला. हॅनोव्हर, हेसे-कासेल आणि नासाऊ ही तीन राज्ये आणि फ्रँकफुर्ट हे स्वतंत्र शहर यापुढे प्रशियाचा भाग आहेत, असे त्यात जाहीर केले होते. नासाऊचा ड्यूक ॲडॉल्फ त्या वेळी ४९ वर्षांचा होता आणि त्याला गादीवर येऊन २७ वर्षे झाली होती. हाच ॲडॉल्फ १८९० मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, लक्झेंबर्गचा ग्रँड ड्यूक झाला. १८६६ मध्ये खालसा झालेल्या तीन राजांपैकी हयातीत पुन्हा राजपद मिळालेला तो एकटाच. त्याची हकिकत बहुधा दैवाचा फेरा म्हणून सांगितली जाते: एक गादी गेली, दुसरी आपोआप चालून आली. या सांगण्यात एक मोठा प्रश्न हरवतो. ॲडॉल्फला नासाऊ मिळाले होते ते वारसाहक्काने आणि लक्झेंबर्ग मिळाले तेही वारसाहक्कानेच. हक्काची जात एक, माणूस एक, घराणेही एक. मग १८६६ मध्ये पायदळी तुडवला गेलेला हक्क १८९० मध्ये साऱ्या युरोपने निमूटपणे का मान्य केला? माझ्या मते याचे उत्तर ॲडॉल्फच्या नशिबात सापडत नाही, ते त्या दोन मुलखांच्या जागेत सापडते. नासाऊ एका बलाढ्य राज्याला हवे होते आणि त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लक्झेंबर्ग दोन बलाढ्य राज्यांच्या मध्ये होते आणि ते दुसऱ्याला मिळू नये यावर दोघांचेही एकमत होते. बळाने घ्यायला कुणी धजत नाही अशा जागेचा मालक ठरवायला शेवटी जुना कागदच लागतो, आणि तो कागद ॲडॉल्फकडे होता.

आधी नासाऊ काय होते ते पाहायला हवे. नेपोलियनच्या आश्रयाने १८०६ मध्ये नासाऊ-उसिंगेन आणि नासाऊ-वाइलबुर्ग या दोन चुलत घराण्यांचे मुलूख एकत्र करून ही डची उभी राहिली. क्षेत्रफळ सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर, शेवटच्या काळात लोकसंख्या साडेचार लाखांच्या थोडी वर. दक्षिणेला आणि पश्चिमेला ऱ्हाइन, मधून वाहणारी लान नदी, टाउनुसच्या डोंगररांगा. मुलूख लहान असला तरी दरिद्री नव्हता. ऱ्हाइनगाऊ भागातले द्राक्षमळे आणि एबरबाख इथल्या जुन्या मठातली तळघरे ड्यूकच्या ताब्यात होती. तिथली वाइन युरोपभर जात असे. वीसबाडेन, एम्स आणि श्वालबाख इथल्या औषधी झऱ्यांवर उन्हाळ्यात राजेरजवाडे, सावकार आणि लेखक जमत. नीडरझेल्टर्स गावचे खनिज पाणी मातीच्या बाटल्यांतून दूरदेशी विकले जाई. वीसबाडेनच्या जुगारगृहात दस्तयेव्हस्की पैसे हरला तो याच राज्यात. राज्यकारभाराच्या बाबतीतही नासाऊ मागासलेले म्हणता येणार नाही. भूदासपद्धत १८०८ मध्ये गेली आणि १८१४ मध्ये, बहुतेक जर्मन राज्यांच्या आधी, इथे लिखित राज्यघटना आली. १८३६ मध्ये नासाऊ प्रशियाच्या पुढाकाराने बनलेल्या जकात-संघात दाखल झाले. लानच्या खोऱ्यातले लोहखनिज रूरच्या भट्ट्यांकडे जाऊ लागले. म्हणजे राजकीयदृष्ट्या स्वतंत्र असलेल्या या राज्याचा व्यापार खालसा होण्याच्या ३० वर्षे आधीच प्रशियाच्या वर्तुळात गेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे नासाऊतल्या उदारमतवाद्यांनी राजाची बाजू का घेतली नाही, ते यावरून कळते.

ॲडॉल्फचा जन्म २४ जुलै १८१७ रोजी ऱ्हाइनकाठच्या बीब्रिखच्या राजवाड्यात झाला. वडील विल्हेल्म १८३९ मध्ये वारले आणि २२ वर्षांचा ॲडॉल्फ ड्यूक झाला. त्याचे शिक्षण काही काळ व्हिएन्नात झाले होते आणि ऑस्ट्रियाकडचा त्याचा ओढा आयुष्यभर टिकला. १८४४ मध्ये त्याने रशियाच्या झारची पुतणी एलिझाबेथ मिखाइलोव्हना हिच्याशी लग्न केले. वर्षभराच्या आतच, जानेवारी १८४५ मध्ये, ती बाळंतपणात गेली आणि मूलही वाचले नाही. तिचे वय अवघे १८ होते. तिच्या हुंड्याच्या पैशातून वीसबाडेनच्या नेरोबेर्ग टेकडीवर पाच सोनेरी घुमटांचे रशियन चर्च उभे राहिले. तिची समाधी तिथेच आहे. नासाऊचे राज्य पुसले गेले, पण ते चर्च आजही वीसबाडेनची खूण म्हणून ओळखले जाते. या लग्नाचा विषय पुढे राजकारणाच्या संदर्भात पुन्हा येईल, कारण मूल जगले असते तर १८६६ मध्ये ॲडॉल्फच्या पाठीशी कोण उभे राहिले असते, हा प्रश्न वायफळ नाही.

राजा आणि प्रजा यांच्यातले खरे भांडण खासगीच्या मालमत्तेवरून होते. जंगले, द्राक्षमळे, झरे, शेतजमिनी यांचा मोठा हिस्सा ड्यूकच्या खासगीत मोडत असे आणि त्याचे उत्पन्न राज्याच्या तिजोरीत न जाता दरबाराकडे जाई. ही मालमत्ता राज्याची आहे, घराण्याची नाही, असा दावा विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाने ॲडॉल्फच्या वडिलांच्या काळातच मांडला होता. वडिलांनी वरिष्ठ सभागृहात आपली माणसे भरून तो दडपला. मार्च १८४८ मध्ये क्रांतीची लाट ऱ्हाइनवर आली तेव्हा वीसबाडेनमध्ये ऑगस्ट हेर्गेनहान या वकिलाच्या पुढाकाराने नऊ मागण्या तयार झाल्या. खासगी ही राज्याची मालमत्ता ठरवा, ही त्यांतली एक होती. ४ मार्चला राजवाड्यासमोर सुमारे ३०,००० लोक जमले. बर्लिनहून घाईने परतलेल्या ॲडॉल्फने सज्जात उभे राहून सगळ्या मागण्या मान्य केल्या. हेर्गेनहान मंत्री झाला. पण क्रांतीचा जोर ओसरताच दिलेले शब्द एकेक करून मागे घेतले गेले. १८५२ नंतर विट्गेनश्टाइन घराण्यातल्या प्रिन्स आउगुस्टच्या मंत्रिमंडळाने चौदा वर्षे लोकप्रतिनिधींशी झगडतच कारभार केला. ॲडॉल्फ जुलमी नव्हता, हे मान्य करायला हरकत नाही. पण संकटात लोकांनी आपल्या बाजूने उभे राहावे असे काही त्याने या वर्षांत कमावले नाही, हेही तितकेच खरे आहे.

१८६६ च्या उन्हाळ्यात प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात जर्मनीच्या पुढारपणासाठी युद्ध पेटले. जर्मन राज्यसंघाच्या सभेत नासाऊने ऑस्ट्रियाच्या बाजूने मत दिले. नासाऊच्या विधिमंडळातल्या उदारमतवादी बहुमताने युद्धासाठी पैसा द्यायला नकार दिला. ॲडॉल्फने तरीही फौज रवाना केली. ३ जुलैला केनिगग्रेत्सच्या लढाईत ऑस्ट्रियाचा कणा मोडला आणि नासाऊचे भवितव्यही तिथेच ठरले. जुलैच्या मध्यावर ॲडॉल्फने बीब्रिख सोडले आणि दोन-तीन दिवसांतच प्रशियाची फौज वीसबाडेनमध्ये शिरली. सप्टेंबरमध्ये बव्हेरियातल्या ग्युन्त्सबुर्गला त्याने आपल्या सैनिकांचा निरोप घेतला. यापैकी कशालाही प्रजेतून म्हणण्यासारखा विरोध झाला नाही. कार्ल ब्राउनसारखे नासाऊचे उदारमतवादी पुढारी तर प्रशियाच्या बाजूचेच होते. विधिमंडळाचे ऐकून ॲडॉल्फ तटस्थ राहिला असता तर वाचला असता का? मला याची फारशी खात्री वाटत नाही. प्रशियाचा मुलूख तेव्हा दोन तुकड्यांत होता. ऱ्हाइनकडचा पश्चिम भाग आणि बर्लिनभोवतीचा पूर्व भाग यांच्यामध्ये हॅनोव्हर आणि हेसे-कासेल आडवे पडले होते, आणि नासाऊ ऱ्हाइनकडच्या प्रांताला खेटून होते. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याला सलग मुलूख हवा होता. राजा पहिला विल्हेल्म याला सुरुवातीला वेगवेगळ्या शत्रूंकडून थोडी थोडी जमीन घ्यावी आणि घराणी तशीच ठेवावी असे वाटत होते. लचका तोडलेला शेजारी कायमचा वैरी होतो, तेव्हा घ्यायचे तर पूर्ण घ्यावे, हा बिस्मार्कचा विचार अखेर वरचढ ठरला. तटस्थ राहण्याने सबब नाहीशी झाली असती, हेतू नाही.

या ठिकाणी एक आक्षेप येतो. १८६६ मध्ये प्रशियाने सगळ्यांनाच गिळले नाही. ऑस्ट्रियाच्या बाजूने लढलेली सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, बव्हेरिया आणि हेसे-डार्मश्टाट ही राज्ये वाचली. मग वारसाहक्काला काहीच किंमत नव्हती असे कसे म्हणता येईल? पण ही राज्ये कशामुळे वाचली ते पाहिले की माझाच मुद्दा पक्का होतो. सॅक्सनीसाठी ऑस्ट्रियाने तहाच्या वाटाघाटीत हट्ट धरला आणि फ्रान्सनेही तिची बाजू घेतली. दक्षिणेकडची राज्ये गिळली असती तर फ्रान्स स्वस्थ बसला नसता. व्युर्टेम्बर्गची राणी ओल्गा ही झार दुसरा अलेक्झांडर याची सख्खी बहीण, आणि झारची बायको हेसे-डार्मश्टाटची माहेरवाशीण. घराणी नष्ट करण्याविरुद्ध झारने नाराजी कळवलीही होती. प्रत्येक वाचलेल्या गादीमागे कुणीतरी बाहेरचा जोरकस माणूस होता. ॲडॉल्फची पहिली बायको याच झारची चुलत बहीण, पण तिला जाऊन २१ वर्षे झाली होती आणि तिचे मूलही उरले नव्हते. नेरोबेर्गवरच्या घुमटांखेरीज त्या नात्याचे काहीच शिल्लक नव्हते. प्रशियातही या खालसा धोरणाविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. लुडविग फोन गेर्लाख हा बिस्मार्कचा जुना राजनिष्ठ साथीदार, देवदत्त मानलेल्या गाद्या तलवारीने उलथवणे म्हणजे राजसत्तेच्या मुळावरच घाव घालणे आहे, या मतावरून त्याच्यापासून कायमचा दुरावला. त्याचे म्हणणे तर्काला धरून होते. प्रशियाचा राजा स्वतः वारसाहक्कानेच गादीवर होता आणि दुसऱ्याचा तोच हक्क तो रद्द करत होता. परंतु गेर्लाखच्या मागे फौज नव्हती.

राज्य गेल्यावर ॲडॉल्फने काय केले, हे त्याच्याबरोबर खालसा झालेल्या दोघांशी ताडून पाहण्यासारखे आहे. हॅनोव्हरचा आंधळा राजा पाचवा जॉर्ज याने शेवटपर्यंत राजत्याग केला नाही. सप्टेंबर १८६७ मध्ये प्रशियाने त्याला १ कोटी ६० लाख थालर भरपाई देण्याचे मान्य केले, पण निर्वासित सैनिकांची पलटण पोसून तो परत येण्याची तयारी करतो आहे, या कारणावरून मार्च १८६८ मध्ये ती सगळी रक्कम गोठवली गेली. त्या पैशाचे व्याज बिस्मार्कने वृत्तपत्रे विकत घेण्यासाठी आणि इतर गुप्त कामांसाठी वापरले. बव्हेरियाच्या राजालाही त्यातून पैसा पोचला. जॉर्ज १८७८ मध्ये पॅरिसमध्ये वारला. हेसे-कासेलचा इलेक्टर फ्रीडरिख विल्हेल्म यानेही तडजोड केल्यानंतर निषेध चालू ठेवले, त्याचीही मालमत्ता अडकवली गेली आणि १८७५ मध्ये तो प्राग इथे मेला. ॲडॉल्फने सप्टेंबर १८६७ मध्ये प्रशियाशी करार केला: दीड कोटी गुल्डन, बीब्रिख आणि वाइलबुर्गचे राजवाडे, प्लाटे इथली शिकारगढी आणि केनिगश्टाइनचा वाडा. खासगीचा बाकी सारा पसारा, द्राक्षमळे आणि झरे धरून, प्रशियाच्या राज्याकडे गेला. १८४८ च्या जमावाने जे मागितले होते ते असे १९ वर्षांनी घडले, फक्त ज्या राज्याकडे ती मालमत्ता गेली ते नासाऊ नव्हते. ॲडॉल्फने बव्हेरियातल्या लेंगग्रीसजवळ होहेनबुर्गची हवेली घेतली. शिकार, घोडे आणि मुलाबाळांचे संसार यांत तो रमला. त्याने पलटण उभारली नाही, कटही केला नाही. १८८५ मध्ये त्याची दुसऱ्या लग्नातली मुलगी हिल्डा बाडेनच्या युवराजाला दिली. हा युवराज म्हणजे ज्याने ॲडॉल्फचे राज्य घेतले त्या विल्हेल्मच्याच मुलीचा मुलगा. या एका लग्नाने दोन घराण्यांमधला कडवटपणा उघडपणे मिटला.

आता त्या कागदाकडे येऊ. नासाऊ घराण्याची वाटणी १२५५ मध्ये वालराम आणि ओटो या दोन भावांत झाली. वालरामच्या शाखेत पुढे ॲडॉल्फ झाला. ओटोच्या शाखेतून ऑरेंज-नासाऊ म्हणजे नेदरलँड्सचे राजघराणे आले. पाच शतके उलटली, एक शाखा लुथरपंथी तर दुसरी काल्व्हिनपंथी झाली, एक डोंगराळ जर्मन खेड्यांत राहिली तर दुसरीने सागरी साम्राज्य पाहिले, तरी जर्मनीतल्या वडिलार्जित जमिनीबाबत त्या एकमेकींना विसरल्या नाहीत. ३० जून १७८३ रोजी दोन्ही शाखांनी वारसाकरार केला: एका शाखेतला पुरुषवंश खुंटला तर तिचा जर्मन मुलूख दुसरीकडे जावा. हा करार लक्झेंबर्गला कसा लागू झाला, यातच या कथेचा कळीचा दुवा आहे. १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याने डिलेनबुर्ग, डीट्स, हाडामार आणि सीगेन हा आपला वडिलार्जित मुलूख प्रशियाला दिला आणि त्याचा मोबदला म्हणून त्याला लक्झेंबर्गची ग्रँड डची मिळाली. मोबदला मूळ जमिनीच्या जागी आला, म्हणून मूळ जमिनीवरचा भाऊबंदांचा हक्कही त्याच्यावर चढला. व्हिएन्ना कराराच्या ७१ व्या कलमात हे स्पष्ट लिहिले गेले. याची पुढची बाजूही तितकीच विलक्षण आहे. प्रशियाने सीगेन स्वतःकडे ठेवले आणि बाकीचा बराच मुलूख देवाणघेवाणीत नासाऊच्या डचीला दिला. म्हणजे ज्या जमिनीच्या बदल्यात लक्झेंबर्ग मिळाले तीच जमीन ॲडॉल्फच्या राज्यात होती आणि १८६६ मध्ये प्रशियाने तीही परत घेतली. मूळ जमीन गेली, पण तिच्या बदलीवरचा हक्क व्हिएन्नाच्या करारात लिहिलेला तसाच राहिला.

कागदाची खरी कसोटी १८६७ मध्ये लागली. नासाऊ खालसा होऊन वर्षही उलटले नव्हते. नेदरलँड्सचा तिसरा विल्यम लक्झेंबर्ग फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला ५० लाख गुल्डनला विकायला निघाला. सौदा पुरा झाला असता तर ॲडॉल्फचा हक्क तिथेच संपला असता. सौदा मोडला तो बिस्मार्कच्या विरोधामुळे. जर्मन लोकमत खवळले, लढाईची भाषा सुरू झाली आणि अखेर लंडनमध्ये परिषद भरली. ११ मे १८६७ च्या करारानुसार लक्झेंबर्ग तटस्थ ठरले, तिथल्या प्रचंड किल्ल्यातली प्रशियाची शिबंदी निघाली आणि किल्ला पाडायचे ठरले. त्या कराराच्या पहिल्याच कलमात नासाऊ घराण्यातल्या भाऊबंदांचे वारसाहक्क कायम असल्याचे नमूद आहे. सही करणाऱ्यांत प्रशिया होता. ज्या हक्काच्या आधारे ॲडॉल्फ वीसबाडेनमध्ये राज्य करत होता तो प्रशियाने सप्टेंबरमध्ये रद्द केला, आणि पुढच्याच मे महिन्यात त्याच घराण्याचा हक्क लक्झेंबर्गपुरता मान्य केला. यात प्रशियाने पश्चात्ताप केला असे मला मुळीच वाटत नाही. फ्रान्सच्या हाती लक्झेंबर्ग पडू द्यायचे नव्हते आणि ते स्वतः गिळले असते तर युद्ध झाले असते. मग उरला तिसरा माणूस, आणि तिसऱ्याचे नाव व्हिएन्नाच्या कागदात आधीच लिहिलेले होते. पुढच्या वर्षी लक्झेंबर्गच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात १७८३ चा करार, व्हिएन्नाचे ७१ वे कलम आणि लंडनचे पहिले कलम अशी तिन्ही एकत्र गुंफली गेली.

आता दैवाचा आक्षेप विचारात घेऊ, कारण तो हलका नाही. तिसऱ्या विल्यमला मुलगे होते, भाऊ होता, काका होता. १८७९ मध्ये भाऊ हेन्री आणि थोरला मुलगा वारले, १८८१ मध्ये काका, आणि १८८४ मध्ये शेवटचा मुलगा अलेक्झांडर. म्हातारपणी राजाने एम्मा या तरुण राजकन्येशी दुसरे लग्न केले आणि १८८० मध्ये त्यांना विल्हेल्मिना ही मुलगी झाली. (ही एम्मा ॲडॉल्फच्या सावत्र बहिणीची मुलगी होती, म्हणजे त्याची भाची.) एम्माला मुलगा झाला असता तर ॲडॉल्फ राज्यावाचूनच मेला असता, हे कबूल केलेच पाहिजे. पण मृत्यूंनी एवढेच केले की जागा रिकामी झाली. ती जागा कुणाची, हे मृत्यू ठरवू शकत नाहीत. विल्हेल्मिना जिवंत होती आणि ती नेदरलँड्सची राणी झालीच; लक्झेंबर्गही तिच्याकडे गेले असते तर व्यवहाराच्या दृष्टीने ते सोपे होते. ते गेले नाही ते केवळ १७८३ च्या पुरुषवंशाच्या अटीमुळे. मेलेल्या राजपुत्रांची यादी देऊन ॲडॉल्फचा राज्यारोहणाचा प्रसंग समजावता येत नाही. यादीच्या शेवटी त्याचे नाव का येते, हे सांगायला करारच लागतो.

दुसरा आक्षेप नेमका उलट दिशेचा आहे. जर सगळे बड्या सत्तांच्या सोयीवर अवलंबून होते, तर कागदाला वेगळे महत्त्व का द्यावे? सोय असेल तोवर कागद पाळला जातो आणि नसेल तेव्हा फाडला जातो, मग हक्काची चर्चा म्हणजे नुसती शोभा नव्हे का? हा आक्षेप अर्धा खरा आहे. कागद बळाला थांबवत नाही, हे नासाऊवरून दिसलेच. पण बळाला बळाने थोपवून धरले असेल तिथे सोय फक्त एवढेच सांगते की अमुक दोघांना ही जागा मिळू नये. ती कुणाला मिळावी, हे सोयीतून निघत नाही. लक्झेंबर्गसाठी दहा राजपुत्र चालले असते. तेव्हा सर्वांना आधीच ठाऊक असलेले, सर्वांनी सही केलेले नाव पुढे करणे हाच एकमेव बिनभांडणाचा मार्ग उरतो. शिवाय ॲडॉल्फच्या बाबतीत त्याचे गमावलेले राज्यच त्याच्या उपयोगी पडले, असा माझा तर्क आहे. तो जर्मन होता आणि लक्झेंबर्ग जर्मन जकात-संघात होते, तेव्हा बर्लिनला त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. आणि प्रशियाने ज्याचे राज्य हिसकावले त्याला पॅरिसमध्ये प्रशियाचे प्यादे समजणे अवघड होते. दोन्ही बाजूंना खपेल असा माणूस १८६६ नेच घडवला होता. पाचव्या जॉर्जसारखी पलटण त्याने पोसली असती तर ही ग्राह्यता त्याला मिळाली नसती. त्याचा संयम इथे कामी आला. हक्क संयमातून आला नाही, पण हक्क वापरता यायला संयम लागला.

एप्रिल १८८९ मध्ये तिसरा विल्यम राज्य करायला असमर्थ असल्याचे ठरले आणि ॲडॉल्फ प्रतिनिधी म्हणून लक्झेंबर्गला आला. राजा काही आठवड्यांत बरा झाला आणि ॲडॉल्फला परत जावे लागले. नोव्हेंबर १८९० मध्ये पुन्हा तेच झाले, पण या वेळी २३ नोव्हेंबरला राजा वारला आणि ९ डिसेंबरला ॲडॉल्फने राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतली. त्याचे नवे राज्य २,५८६ चौरस किलोमीटरांचे आणि सुमारे दोन लाख लोकांचे, म्हणजे नासाऊच्या निम्म्याच्या आसपास. लोक कॅथलिक, राजा प्रोटेस्टंट आणि वृद्ध. तरीही लक्झेंबर्गला या बदलाचे मोल होते: नेदरलँड्सच्या राजाची जोड-मालमत्ता असणे संपले आणि देशाला स्वतःचे राजघराणे मिळाले. पंतप्रधान पाउल आयशेन १८८८ पासून कारभार पाहत होता आणि ॲडॉल्फने तो त्याच्याच हाती ठेवला. स्वतः तो वर्षाचा बराच काळ होहेनबुर्गला काढी. याला केवळ म्हातारपण म्हणता येईल, पण १८६८ च्या राज्यघटनेने ग्रँड ड्यूकला पुष्कळ अधिकार दिले होते. ते न वापरणे हा निर्णय होता. नासाऊत विधिमंडळाशी २७ वर्षे हुज्जत घालून त्याच्या हाती काय लागले, हे त्याने पाहिले होते. १७ नोव्हेंबर १९०५ रोजी, ८८ व्या वर्षी, तो होहेनबुर्गलाच वारला. त्याला वाइलबुर्गच्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये पुरले आहे, म्हणजे प्रशियाने घेतलेल्या जुन्या मुलखातच.

ज्या कराराने ॲडॉल्फला राज्य दिले तोच पुढच्या पिढीत अडचणीचा झाला. मुलगा चौथा विल्यम याला सहा मुली होत्या, मुलगा एकही नव्हता. ॲडॉल्फच्या सावत्र भावाचा मुलगा, काउंट मेरेनबेर्ग, याने पुरुषवंशज म्हणून दावा लावला. त्याची आई रशियन कवी पुश्किनची मुलगी. राजघराण्यातली नसल्यामुळे हे लग्न बरोबरीचे मानले जात नव्हते. त्या लग्नाची संतती घराण्यात धरायची की नाही, हा वाद होता. १९०७ मध्ये लक्झेंबर्गच्या संसदेने मेरेनबेर्गचा दावा फेटाळला आणि थोरली मुलगी मारी-आदेलाइद वारस ठरली. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मन साम्राज्यातल्या सगळ्या गाद्या उलथल्या. ॲडॉल्फला बाहेर काढणारे होहेनझोलर्न घराणेही त्यांत गेले. लक्झेंबर्गमध्येही जर्मन फौजेशी जवळीक ठेवल्याचा आरोप मारी-आदेलाइदवर झाला आणि जानेवारी १९१९ मध्ये तिने गादी बहीण शार्लोटकडे सोपवली. २८ सप्टेंबर १९१९ रोजी लोकांचे मत घेण्यात आले आणि सुमारे ७८ टक्के मतदारांनी शार्लोटच्या बाजूने कौल दिला. १८६६ मध्ये नासाऊच्या लोकांना असे कुणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तर ॲडॉल्फच्या बाजूने एवढी मते पडली असती असे मानायला त्या काळच्या विधिमंडळाचे निर्णय आधार देत नाहीत. लक्झेंबर्गचे राजघराणे आजही शार्लोटच्या वंशातून चालते आणि ड्यूक ऑफ नासाऊ हा किताब अजूनही लावते.